नासच्या जर्दाळूंना गंधकाची धुरी

नास, आयर्लंड, २३ ऑगस्ट

ती. रणजितमामा,

वीणाचा साष्टांग नमस्कार. (आठांपैकी एक अंग अजून रागात आहे, तेवढं सोडून.) गुडघा जिना चढू देतो का? साखर डॉक्टरांच्या मते ताब्यात आहे की फक्त तुमच्या मते? इकडे विशाल, ईशानी आणि मी सुखरूप आहोत, आणि यंदा हे वाक्य मी निव्वळ रीत म्हणून लिहीत नाहीये.

पाच वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतलं, तेव्हा व्हिडिओ कॉलवर मागची भिंत पाहून तुम्ही जाहीर केलंत, की इथे जर्दाळू लागणार. सासवडला उभी हयात सीताफळांत काढलेल्या निवृत्त कृषी अधिकाऱ्याने जर्दाळूचं झाड कधी डोळ्यांनी पाहिलंय का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं. पण मी पडले भूल देणारी डॉक्टर. मला कोणी भूल दिली तर पटकन कळत नाही. दक्षिणेकडची भिंत दिवसभर ऊन साठवते, असं तुमचं शास्त्र. आयर्लंडमध्ये साठवण्यासाठी ते ऊन आधी यावं लागतं, एवढीच किरकोळ अडचण.

या झाडाला मार्चच्या सुरुवातीला फुलं येतात, म्हणजे इतर शहाणी झाडं झोपलेली असताना. मग तुमच्या सांगण्यावरून रोज संध्याकाळी त्याला गोठणाऱ्या दवापासून जपायला पांढरं कापड पांघरायचं आणि सकाळी काढायचं. (विशालला फ्लू झाला तेव्हा त्याचं पांघरूण त्यानेच शोधलं, हे तो अजून ऐकवतो.) थंडीत मधमाश्या फिरकत नाहीत, म्हणून त्यांची ड्यूटी मी केली, माझ्या मेकअपच्या ब्रशने, एकेका फुलाला गुदगुल्या करत. शेजारची नोरीन कुंपणावरून बराच वेळ बघत होती. शेवटी “यू आर ग्रँड, लव्ह” म्हणून आत गेली. इकडे हे बऱ्या झालेल्या माणसाला म्हणतात आणि हाताबाहेर गेलेल्यालाही.

चार वर्षं एक फळ नाही. यंदा चौदा! तीन पक्ष्यांनी नेली, उरली अकरा. विशाल म्हणाला, खाऊन टाकू. पण तुम्ही फोनवरून बजावलंत, की ताजी काय कोणीही खातं, वाळवली तर वर्षभर पुरतील. (अकरा. वर्षभर.) आणि वाळवण्याआधी गंधकाची धुरी द्यायचीच, नाहीतर काळी पडतील.

तर गेल्या शनिवारी दुपारी मी शेडमध्ये जाळीवर फोडी मांडल्या, खाली वाटीत चमचाभर गंधक पेटवला, वर खोका पालथा घातला आणि दार लावून चहाला आले. वारा नोरीनच्या दिशेने होता. तिला वाटलं गॅस गळतोय. तिने गॅसवाल्यांना फोन केला, आणि वीस मिनिटांत आमची अख्खी गल्ली रस्त्यावर होती. भुरभुर पाऊस, एक बाई बाथगाऊनमध्ये, एक गृहस्थ भाजलेल्या कोंबडीचा ट्रे छातीशी धरून. पिवळ्या जॅकेटातल्या माणसाने शेड उघडली, खोकत बाहेर आला आणि विचारलं, हे काय आहे? मी तोंड उघडण्याआधी आमच्या नऊ वर्षांच्या कन्येने अस्सल इथल्या, किल्डेरी सुरात खुलासा केला, “दॅट्स जस्ट माय मॅम. शी टेक्स ऑर्डर्स फ्रॉम इंडिया.” सगळी गल्ली माझ्याकडे बघत होती, मामा. त्यांच्या डोळ्यांत मी कुठल्या संघटनेची आहे, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पुढे त्या बावीस फोडी चार दिवस हॉट प्रेसमध्ये ठेवल्या. (गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इकडे ऊन तिथेच मिळतं.) त्याच कपाटात माझे हॉस्पिटलचे कपडे होते. सोमवारी ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनने हुंगून विचारलं, कोणी काडी ओढली का? शेजारी ऑक्सिजन चालू. पुढचा मिनिटभर तिथे काय धावपळ झाली, ते लिहिण्यासारखं नाही. एवढं करून फोडी काळ्या पडल्याच.

तेव्हा नम्र विनंती, की यापुढे फळबागेसंबंधी एक अक्षरही कळवू नये.

आपली (धुरी दिलेली) भाची,
वीणा

ता. क. फोडी रंगाने वाईट आहेत. चवीला इतक्या चांगल्या आहेत की मी नऊ लपवून ठेवल्यात. विशालला सांगू नका.

ता. क. दुसरा. झाड मी केव्हाच उपटलं असतं. पण मामी गेल्यापासून तुम्ही दर रविवारी फोन करता तो त्याची चौकशी करायला. बाकी कशाबद्दल तुम्ही बोलत नाही, आणि मलाही विचारता येत नाही.

ता. क. तिसरा, आणि पत्राचं खरं कारण. सोबत निमंत्रणाचं पत्र आणि व्हिसाची कागदपत्रं आहेत. तीन महिन्यांसाठी या. खालची खोली तुमची, म्हणजे जिना नको. अर्जात भेटीचं कारण विचारलंय. तिथे ‘कृषी सल्ला’ लिहू नका. ‘भाची’ लिहा.