बाबांची शेंग

९ ऑक्टोबर २०२५

मी नक्की कशाबद्दल लिहिते, हे मला अजून नीट कळलेलं नाही. दीड वर्ष झालं! नेदरलँडच्या यान नावाच्या माणसाला दर शुक्रवारी वेलोमोबाइलच्या बातम्या गोळा करून, इंग्रजी नीट करून पाठवायच्या. तो त्या आपल्या साप्ताहिक पत्रात घालतो. वेलोमोबाइल म्हणजे तीन चाकांची सायकल — जवळजवळ झोपून, पाय पुढे करून पॅडल मारायचे, आणि सगळ्या अंगावर फायबरचं कवच. डोकं तेवढं बाहेर. यानच्या देशात लोक हिच्यातून कामाला जातात, पाऊस असो, थंडी असो.

आज काय लिहिलं : एका कारखान्याची नवी गाडी दीड किलोनं हलकी झाली. दुसऱ्याकडे नंबर लावला तर वर्षभर थांबावं लागतंय. कुणीतरी चार चाकांची काढली, त्यावर तीनचाकीवाले चिडलेत. का चिडले? माहीत नाही. मी आजवर एकही डोळ्यांनी पाहिलेली नाही. सोनईत बसून हे लिहायचं!

बाबा मागे येऊन उभे होते. कधीपासून, कोण जाणे. स्क्रीनवरच्या फोटोकडे बघत म्हणाले, "हिला तोल लागत न्हाई?"

मी म्हटलं, तीन चाकांना कशाचा तोल. ते पडवीत निघून गेले.

१० ऑक्टोबर

बाबांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. 

बाबा साखर कारखान्यात फिटर होते, एकतीस वर्षं सायकलनं गेले-आले. रिटायर झाल्यावरही सकाळी एक फेरी ठरलेली. फेब्रुवारीत कॅनॉलच्या रस्त्यावर पडले. कानात दोष निघाला — मान वळवली की चक्कर. नगरच्या डॉक्टरांनी सायकल बंद केली. आईनं आणि मी त्यांची सायकल त्यांच्या कारखान्यातल्या जुन्या जोडीदाराला देऊन टाकली. बाबा दुपारचे झोपलेले असताना. बाबा पडले म्हणूनच मी पुण्याहून रजा काढून आले होते, ती इथंच राहिले.

त्यांनी एकदाही विचारलं नाही सायकल कुठं गेली. भांडले असते तर मला जमलं असतं काहीतरी.

१५ ऑक्टोबर

आता रोज संध्याकाळी विचारतात, आज काय बातमी. मी मराठीत सांगते, ते मन लावून ऐकतात. मी आळस करून वगळलेलं नेमकं तेच विचारतात. पुढची चाकं वळतात की मागचं? चेन कुठून नेलीय? ब्रेक दोन का एक? यानला विचारून सांगितलं. यान खूश — म्हणाला, असा वाचक मला दहा वर्षांत मिळाला नाही.

वाचक! बाबांना इंग्रजी वाचता येत नाही.

२४ ऑक्टोबर

दिवाळी झाली. पडवीत पाइप, दोन लहान सायकलींची चाकं, एक मोठं चाक. कानिफनाथ वेल्डर दोनदा येऊन गेला. मी विचारलं काय चाललंय, तर बाबा म्हणाले काय न्हाई, हात रिकामे हुते.

आई त्या बाजूला फिरकत नाही. पाणी तापवायला पडवीतून जावं लागतं, तर मागच्या दारानं वळसा घालून जाते. मला म्हणाली, म्हातारपणी डब्यात बसून गावात फिरायचंय ह्यांना, लोक हसतील ते वेगळंच.

मी कुणाच्या बाजूची? खरंच सांगता येत नाही.

२ नोव्हेंबर

बाबांनी मला विचारलं, त्या लोकांचे आरसे कुठं असतात. मी फोटो दाखवले. दोन्हीकडे, डोळ्यांच्या रेषेत. त्यांनी फोटो जवळ घेऊन पाहिले. मग हळू बोलले, "मान वळवायची न्हाई. आरशात बघायचं. मग चक्कर कुठनं येईल?"

म्हणजे पहिल्या दिवसापासून हेच चाललं होतं. आणि मी त्यांना वजनं आणि वेग सांगत बसले.

३ नोव्हेंबर

डॉक्टरांना फोन केला. त्यांना गाडी काय आहे हेच समजेना. फोटो पाठवला. चार तासांनी उत्तर : महिनाभर चक्कर आली नसेल तर मैदानात चालवू द्या, रस्त्यावर नको. मग पुढे : झाल्यावर मलाही बघायची आहे.

हे हो आहे का नाही?

१४ नोव्हेंबर

केडगावला गेलो, बाबा आणि मी. तिथं कूलरच्या फायबर बॉड्या करणारा एक जण बाबांच्या ओळखीचा. त्यानं बांबूच्या सांगाड्यावर आधी कापड ताणलं, मग त्यावर फायबर चढवलं. आधी तीनदा विचारलं — आत पाणी कुठून ओतायचं?

टेम्पोतून आणताना घोडेगावच्या चौकात पोरं मागे पळत होती. कुणी मासा म्हणालं, कुणी होडी. एक म्हातारी म्हणाली, अगं बाई, भुईमुगाची शेंग. संध्याकाळपर्यंत सोनईत नाव झालं. शेंग.

१६ नोव्हेंबर

शाळेच्या मैदानात पहिल्यांदा चालवली. तीन सायकलींच्या चेन जोडून केलेली एक लांब चेन, ती दोनदा उतरली. तिसऱ्या वेळी निघाली. बाबांचं फक्त डोकं दिसत होतं, पांढरी टोपी घातलेलं. सहा फेऱ्या. मी कडेला उभी राहून प्रत्येक वळणाला त्यांची मान बघत होते — चक्कर आली नाही.

उतरल्यावर त्यांनी टोपी तोंडावर धरली. मला वाटलं घाबरले. ते हसत होते. माझ्या आठवणीत बाबा असे हसलेले नाहीत, आठवलं तरी सापडत नाही.

आई आली नाही. विचारलंही नाही कशी झाली. पण जेवायला शेंगदाण्याची आमटी केली, बाबांची आवडती. हे काय समजायचं?

१९ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणाले होते मैदान. बाबांनी मैदानाच्या फाटकातून गाडी सरळ बाहेर काढली, स्टँडपर्यंत गेले. तिथं हवालदारानं अडवलं. नंबर प्लेट? नाही. इंजिन? नाही. मग ही काय? बाबा म्हणाले सायकल. हवालदारानं खाली वाकून आत पाहिलं, पॅडल दिसले, तरी पटेना. साहेबांना फोन लावला. साहेबांनाही सांगता येईना. शेवटी म्हणाला, जावा, पण हळू जावा.

गंमत म्हणजे याच आठवड्यात यानसाठी मी हेच लिहिलंय. एका देशात हिला सायकलच्या रस्त्यावर जाऊ द्यायचं का गाड्यांच्या, यावर वाद चाललाय. तिथल्या साहेबांनाही कळत नाही!

२१ नोव्हेंबर

शुक्रवार. यानची लिंक. तिकडे यानच्या देशात संध्याकाळी गावाकडच्या रस्त्यावर एका वेलोमोबाइलवाल्याला ट्रकनं चिरडलं. वय चौसष्ट. ड्रायव्हर म्हणाला, मला दिसलीच नाही, इतकी खाली होती.

चार ओळींत लिहायची होती बातमी. दोन तास लागले.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, आज काय बातमी. मी म्हटलं, आज काही नाही.

२२ नोव्हेंबर

ऊस सुरू झालाय. दिवसभर दारावरून ट्रॅक्टर जातायत, मागे दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतोय. वर बसलेल्या ड्रायव्हरला खाली कमरेइतकी शेंग कशी दिसणार?

सांगितलं तर थांबतील. नाही सांगितलं तर उद्या सकाळी निघतील. फेब्रुवारीत मी त्यांना न विचारता ठरवलं होतं. तेव्हा मला खात्री होती की बरोबर करतेय. आता कशाचीच नाही.

२३ नोव्हेंबर

सांगितलं. पहाटे, ते टोपी घालत असताना. सगळं सांगितलं, ड्रायव्हरचं वाक्यसुद्धा.

बाबा खुर्चीवर बसले. विचारलं, त्याला घरी कोण हुतं. मी म्हटलं, बायको, बातमीत तेवढंच होतं. त्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. गाडीवर गोणपाट टाकलं.

मला हायसं वाटलं. नंतर आंघोळ करताना रडू आलं. एकाच सकाळी दोन्ही.

२८ नोव्हेंबर

गोणपाट तसंच. बाबा बातमी विचारत नाहीत. दिवसा झोपतात.

३० नोव्हेंबर

आज आई माझ्यावर चिडली. भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता.

"तू कशाला सांगितलं त्यांना?"

मी चक्रावले. म्हटलं, तूच म्हणत होतीस लोक हसतील, तू तर बघायलाही आली नाहीस. सायकल द्यायची कल्पनाही तुझीच होती. तर म्हणाली, "माझीच हुती. म्हनून तर बोलती. नऊ म्हैने त्या मान्साला भिंतीकडं तोंड करून झोपलेलं मी बघितलंय, तू न्हाई."

भाकरी करपली. आईच्या हातची भाकरी करपली!

१ डिसेंबर

आईनं पेटीतून लाल काठपदर साडी काढली. कधीची कुणास ठाऊक, जुनी. शिवणयंत्रावर बसून तिचं उभं कापड फाडलं, दुमडून शिवलं. बाबांनी विचारलं काय करतीस. आई उठली. अंगणातला सगळ्यात लांब बांबू घेतला, कापड बांधलं, आणि पहिल्यांदा — पहिल्यांदाच! — गोणपाट उचललं. गाडीभोवती एक चक्कर मारली. बांबू मागे कुठं बसेल ते बोटानं दाखवलं.

"एवढ्या उंचावर असला तर ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडाफुडंच येतंय," म्हणाली. "तरी बी दिसलं न्हाई तर त्याच्या डोळ्यात दोष हाय."

बाबांनी कानिफनाथला फोन लावला, क्लॅम्प घेऊन ये म्हणून.

५ डिसेंबर

ठरलंय : मोठा रस्ता नाही. कॅनॉलची वाट, सकाळी सात ते आठ, ट्रॅक्टर कारखान्यापाशी रांगेत असतात तेव्हा. मी स्कूटीवर मागे. बाबांनी तीनही अटी ऐकल्या. एकावरही हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पण कॅनॉलनंच गेले.

झेंडा उसाच्या वरून दिसतो. गाडी दिसत नाही, नुसता लाल झेंडा पळताना दिसतो.

१२ डिसेंबर

यानला फोटो पाठवला होता सहज. त्यानं पहिल्या पानावर छापला. मलाच बातमी लिहायला लावली. आपल्या बापाची बातमी कशी लिहायची? 'एका निवृत्त फिटरनं' असं सुरू केलं, खोडलं. 'माझ्या वडिलांनी' लिहिलं, तेही खोडलं. शेवटी नावच लिहिलं. भिमाजी, सोनई.

पत्रं आलीत. एकानं विचारलंय, तुमच्याकडच्या उन्हाळ्यात आत भाजत नाही का? बाबा म्हणाले, त्याला सांग, उन्हाळा येऊ दे, मग कळवतो.

त्या चिरडलेल्या माणसाच्या बायकोचीही एक ओळ होती. झेंडा किती उंच आहे, एवढंच विचारलंय. बाबांनी टेप आणून मोजला. साडेआठ फूट. मी कळवलं.

१९ डिसेंबर

मी आता नक्की कशाबद्दल लिहिते, ते कळतं असं वाटलं होतं. आज पुन्हा गोंधळ. यान विचारतो, पुण्याला परत जाणार का, का इथूनच काम वाढवणार. बाबांना माझी गरज आहे म्हणून मी राहिले. बाबा काल म्हणाले, तू स्कूटीवर मागं येतीस ना, त्या आवाजानं मला पुढचं ऐकू येत न्हाई.

२१ डिसेंबर

सकाळचे साडेआठ. थंडी म्हणून आज फेरी नाही. पडवीत गाडी नाही. धावत आत आले तर बाबा कॉटवर, पांघरुणात. त्यांनाही काही माहीत नाही. आई घरात नाही, मळ्यात नाही. दोरीवर वाळत घातलेली माझी निळी सलवार नाही.

आत्ता घोडेगावहून पुष्पामावशीचा फोन. आई पोचली. चहा घेतेय. मागं कुणी येऊ नका म्हणालीये.