केज ते मुंबई, पाऊण घंटा

१ डिसेंबर १९९६, रविवार
मी पणजी झाले. काल मुंबईला नातवाला, योगीराजला, मुलगी झाली. योगीला बहीण न्हाई, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा आत्याचा मान माझ्याकडं. नाव ठरलंय, शिवकन्या. ठरवलं मीच, पण ठरलंय. बारसं अकराला, सांजच्याला सहा वाजता.

४ डिसेंबर, बुधवार
योगीनं औरंगाबादहून विमानाचं तिकीट काढलंय. दुपारी अडीचला उडतं, पाऊण घंट्यात मुंबई. वरून अंतरच कमी म्हणे. रस्त्याला वळणं, आभाळाला कुठली? यष्टीनं रात्र जाते, अन् कंबरबी. शेजारची छबुबाई चारदा विचारून गेली, भ्या वाटत न्हाई का म्हणून. जळतीय. जळू दे, थंडीचे दिवस हायेत.

७ डिसेंबर, शनिवार
योगीचा फोन. आदल्या दिवशीच औरंगाबादला येऊन राहा म्हणतो. दहाला अवस. अवसेला घर सोडू? पोरगा शिकला लई, पण घरात कॅलेंडर लावलेलं दिसत न्हाई.

९ डिसेंबर, सोमवार
छबुबाई म्हणते, पहाटं पाचची यष्टी धरा. कावून? मुंबई पाऊण घंट्यावर, औरंगाबाद तर तिच्या अलीकडंच हाय. शिवाय आपला जीपवाला सटवा अकरा शीटं भरल्याबिगर केजातून हालत न्हाई. विमानाला शंभर शीटं. भरायला चार तरी वाजतील. एवढा हिशेब छबुबाईला कोण शिकवणार.

११ डिसेंबर, बुधवार, सकाळी नऊ
आंघोळ, पूजा, भाकर उरकली. डिंकाचे लाडू बांधून घेतले. बाळाची आईकडची आजी, साखराबाई, दुकानातून आणणार. त्यांच्याकडं माया पुड्यात मिळते. निघाले.

पावणेबारा, बीड
सटवानं अकराव्या शिटासाठी घंटाभर खोळंबवलं. मी एक शब्द बोलले न्हाई. नियम म्हंजे नियम.

चार, औरंगाबाद
विमानतळावर लई शांत. फाटकावरच्या मान्साला विचारलं, किती शीटं भरली. तो म्हणाला, "आजी, विमान अडीचलाच गेलं. ते शिटांची वाट बघत नसतं."
निम्मं रिकामं गेलं म्हणे. असा धंदा करायचा, अन् वर तोटा आला म्हणून रडायचं.

सात, एसटीडी बूथ
योगीला फोन लावला. सव्वासहापर्यंत माझी वाट बघितली, मग साखराबाईंनीच कानात नाव सांगितलं. शिवांजली.
बूथवाला मीटरकडं बोट दाखवत होता. मग योगीला म्हणलं, फोन बाळाच्या कानाला लाव. लावला. मी हळूच म्हणलं, शिवकन्या.
पोरीनं जे भोकाड पसरलं, बूथवाल्यालाबी ऐकू गेलं.
आवाज ओळखला तिनं.