मागे नागपूर नाही

१२ जानेवारी १९५८, रविवार

“रडायचं ते हात धुऊन झाल्यावर.”

हे म्हणाले होते. कामठीला, कॉलऱ्याच्या साली. आमचा थोरला, बाळू, नुकताच गेला होता. त्याच्या अंथरुणावरून उठून मी पाळण्यातल्या मालूला उचलायला धावले, तर हे दारात आडवे. हातात साबण. फार राग आला होता. पुष्कळ वर्षं पुरला तो राग. आता हे नाहीत. मालू पंचविशीची झाली, त्यांच्यासारखीच डॉक्टर झाली. आज ती आहे ती त्या वाक्यामुळे आहे.

आठवलं कारण मालू पारशिवनीहून नागपूरला घरी आली ती चपला काढून थेट मोरीत. कोपरापर्यंत हात. हुबेहूब ते.

एप्रिलात आफ्रिकेत, टांगानिकाला जाणार. तिकडच्या खेड्यांत दवाखाना म्हणजे म्हणे एक झोपडी नि एक कपाट. तिथे निभावता यावं म्हणून पाठवणारी संस्था मालूसारख्या पोरांना पारशिवनीच्या दवाखान्यात घडवते आहे. शिकवणारे पाटणकर डॉक्टर. त्यांचा पहिला नियम: मागे नागपूर नाही असं समजा. एक्स-रे नाही, चढवायला रक्त नाही, विचारायला मोठा डॉक्टर नाही. अंगणात संस्थेची जीप आहे, पण ताडपत्रीखाली. ती दिसली तरी दिसली नाही म्हणायचं. अगदीच जिवावर बेतलं तर पाटणकर स्वतः म्हणणार, “आता नागपूर आहे.” मग जीप निघते.

“काल आमच्यातल्या देशमुखनं सवयीनं एक्स-रे मागितला, आई. सर म्हणाले, कुठल्या देशात?”

दोघी हसलो. नंतर भांडी विसळताना मनात आलं, रोग्यांना ठाऊक आहे का हे सगळं? विचारलं नाही.

२ फेब्रुवारी

पारशिवनीला जाऊन आले. संत्री नेली होती, मालूनं ती रोग्यांत वाटून टाकली.

पाटणकर पोरांचे डोळे बांधतात आणि पोटावर हात ठेवायला लावतात. “पानथरी, प्लीहा, कुठवर आली आहे? बोटांनी बघा.” मालूनं बरोबर सांगितलं. खाटेवरची म्हातारी म्हणाली, “पोरीचा हात गरम हाये बाप्पा, बरं वाटते.” पाटणकर हसले. क्वचित हसत असावेत. वाळलेला माणूस, सदऱ्याची कॉलर उलटवून शिवलेली.

चहा पिताना त्यांना म्हटलं, नियम जरा कठोर नाही का?

त्यांनी बशी खाली ठेवली. मग सांगितलं. त्यांची बायको तिकडे टांगानिकातच वारली. बाळंतपणात. मोठ्या दवाखान्यात न्यायला ट्रक येणार होता, ती वाट बघत राहिली, पाटणकरही वाट बघत राहिले. मूल सोडवायची कला हातात होती, पण ट्रक येणार होता ना. “वाट बघण्यात माणसं मरतात, बाई. या पोरांना मी वाट बघू देणार नाही.”



बसमध्ये सगळी वाट त्या बाईचा विचार. मला तिचं नावही माहीत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मालू आली नाही. वाटलेलं पुरण तसंच झाकून ठेवलं.

१० फेब्रुवारी

दुपारी जीप दारात. मालू उतरली. माझ्याकडे न बघता मोरीत. साबण, पाणी, साबण, पाणी. मी दारात उभी. थांबेचना. शेवटी मी नळ बंद केला.

“मालू, झाले गं हात.”

टॉवेल घेतला. रडली नाही. जेवली नाही. भिंतीकडे तोंड करून निजली आहे.

जीपचा ड्रायव्हर गणपत ओट्यावर थांबला होता. त्याला चहा दिला. कपाला तोंड न लावता म्हणाला, “म्या इचारलं होतं जी बाईले.”

काय विचारलं होतं?

“मोटर काढू का म्हून.”

 कप तसाच ठेवून गेला.

११ फेब्रुवारी

मालूनं सांगितलं. तुकड्यातुकड्यांनी. तसंच लिहिते.

शनिवारी सकाळी बैलगाडीतून एक बाई आली. सीता. नवरा सुखदेव, कोष्टी, मूळचा उमरेडचा, आता पारशिवनीजवळ माग टाकून असतो. तीन वर्षांची मुलगी आहे. हे दुसरं. मूल आडवं, एक हात बाहेर आलेला. बाई शुद्धीवर होती, मालूला म्हणाली, “लाजू नोका बाई, पाहा.”

पाटणकर नव्हते. संस्थेच्या सभेला आले होते. ‘आता नागपूर आहे’ म्हणणारा एकमेव माणूस त्या दिवशी नागपुरात होता.

गणपतनं विचारलं. मालू नाही म्हणाली.

सुखदेवनं ताडपत्रीकडे बोट केलं. “थे मोटर हाये नं बाई?”

मालू म्हणाली, “मोटर नाही.”

“दोन महिने तेच म्हणत आलो, आई. तोंडात बसलं होतं. तो समोर बोट दाखवतोय, चाकं दिसताहेत, आणि मी म्हणाले, मोटर नाही. आणि मला खरंच वाटलं की नाही.”

भूल देऊन मूल आत हातानं फिरवायला घेतलं. शिकवलं होतं तसंच. तिला वाटलं, फिरतंय. मग हाताला कळलं की गर्भाशय फाटलं. मूल आधीच गेलेलं होतं. बाई दिवस कलताना गेली.

नागपूर तिथून दोन तासांवर. इथे पोट उघडून मूल काढलं असतं तर बाई जगली असती का, विचारलं. तिनं मान डोलावली. जगली असती.

 पुन्हा मोरीत गेली.

१२ फेब्रुवारी

मासिकाच्या संपादकांचं कार्ड, गोष्ट कधी देता? माझ्या गोष्टींतली माणसं चूक करतात तेव्हा ती वाईट तरी असतात, नाहीतर मूर्ख. मालू तर दोन्ही नाही. ही शहाणी मुलगी शिकवलेलं नीट शिकली, बस्स.

मी बापाच्या मागाजवळ वाढले. हातमागावर पाय आपोआप खालच्या पावडीवर पडतो, ती दाबत राहतो. मनात दुसरंच असलं तरी पाय चुकत नाही. तीच तर कारागिरी, बाबा म्हणत. मालूचा पाय तसाच पडला. कोणत्या गोष्टी हातापायांना शिकवायच्या आणि कोणत्या नाहीत, हे कुणी ठरवायचं?

१६ फेब्रुवारी, रविवार

पाटणकर आले. मालू आतल्या खोलीत, बाहेर आली नाही.

“तिची चूक नाही. नियम माझा. मी संस्थेला तसं कळवलं आहे.”

“आणि सुखदेवला?”



“त्याला वाटतं मोटर बिघडलेली होती,” म्हणाले. “गावात तसाच समज झाला आहे. कुणी सांगितलं नाही, आपोआप झालं.”

“मग तुम्ही सांगा.”

“सांगतो. दुसऱ्या दिवसापासून त्या दवाखान्यात एक बाई पाय टाकणार नाही. वर्षाला किती बाळंतपणं आम्ही सोडवतो ते मालूला विचारा. त्या सगळ्या कुठे जातील? सुखदेवची बायको तर परत यायची नाही.”

  पण उत्तर नसणं आणि पटणं यांत अंतर आहे.

निदान ती ताडपत्री तरी काढलीत का, विचारलं.

“जीपच परत पाठवली संस्थेकडे. आता कुणाला खोटं बोलावं लागणार नाही.”

हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. एखादं गळकं छप्पर शाकारलं असं सांगावं, तसं.  आता तिथे खरंच मोटर नाही. पुढच्या आडव्या मुलाला खरंच नाही.

जाताना दाराशी थांबून म्हणाले, “तिला पाठवणारच मी. तिच्यासारखा हात दुसऱ्याचा नाही.”

३ मार्च

मालू परत पारशिवनीला जाते, काम करते, रविवारी येते. बोलते ते औषधांबद्दल, हिवतापाच्या कोयनेलबद्दल, आगबोटीबद्दल. वजन उतरलं आहे. बोटांची कातडी साबणानं फाटली आहे, मी खोबरेल लावते, ती लावू देते. पंचविशीच्या मुलीचे हात मांडीवर घेऊन बसणं. ती दुसरीकडे बघते.

आज म्हटलं, रड की गं एकदा.

“हात धुऊन होत नाहीत, आई.”

चेष्टेत म्हणाली. तिलाही ते वाक्य माहीत आहे, मीच सांगितलं आहे लहानपणापासून, कौतुकानं. नसतं सांगितलं तर बरं होतं.

२३ मार्च, रविवार

सुखदेव आला.

इथल्या लकडगंजात सूत घ्यायला आला होता, पत्ता विचारत घरी आला. मालू घरी होती. त्याचा आवाज ओळखला असावा, हातातली वाटी खाली ठेवली आणि जागीच उभी राहिली. मीच पुढे झाले. “ये नं गा भाऊ, बस.” कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून माहेरची बोली आली.

“बाई परदेशात जाऊन राहिली म्हणे?”

“हो.”

“चांगलं हाये. बाईनं लय मेहनत घेतली. म्या पाह्यलं नं, शेवटपर्यंत सोडलं नाई.” मग पिशवीतून एक लुगडं काढलं. करवतकाठी, टसर रेशमाचं. “मागावर होतंच. सीतासाठी लावलं होतं. अर्धं झालं होतं तं आता काय करू त्याचं? म्हटलं पुरं करू, बाईले देऊ. तिकडं नेसशील बाई. लोकायले सांगशील, आमच्याकडचं हाये.”

मी काठावरून बोट फिरवलं. अर्ध्यापर्यंत करवतीचे दाते एकसारखे. मग एका ठिकाणी वीण घट्ट होते, जास्तच घट्ट, ठोकून ठोकून बसवलेली, आणि शेवटपर्यंत तशीच. विणताना कुठल्या जागी सीता गेली, ते बोटाला कळलं. मी हात काढून घेतला.

“मुलगी कशी आहे?”

“हाये. आजीपाशी हाये. रस्त्यानं मोटर आली का पयते पाह्याले. तिले वाटते माय मोटरीत बसून गेली.” जरा थांबला. “बिघडली नसती मोटर तं...” आणि स्वतःच म्हणाला, “जाऊ द्या. नशीब आपलं. त्यात बाईचा काय दोष?”

मालू उभी. मी तिच्याकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मला वाटलं, आता. आता सांगेल.

“चहा घ्या,” म्हणाली.

आणि मी उठून चहा टाकला. साखर जास्त घातली.

२४ मार्च

रात्रभर एकच. मी का नाही सांगितलं? जीभ माझीही होती. पण मला वाटतं ते माझं सांगणं नव्हे. मी सांगितलं तर ती चुगली होईल, मालूचं तोंड कायमचं मिटेल. हे खरं आहे की सोयीचं?

लुगडं कपाटात ठेवलं. कपाट उघडताना टसरचा वास येतो, माहेरचा.

६ एप्रिल, रविवार

ट्रंक भरणं सुरू. ऊन कडक, घराबाहेर बघवत नाही. मालूनं लुगडं मागितलं. सगळ्यात तळाशी घातलं, वर पुस्तकं.

म्हटलं, नेसणार आहेस?

“नाही.”

“मग?”

“माझ्याजवळ असू दे.”

थोड्या वेळानं, ट्रंकेत वाकलेली असतानाच म्हणाली, “आई, तिथे खरंच मोटर नाही. तिथे मी मोटर नाही म्हणेन तेव्हा ते खरं असेल. म्हणून मला जायचंय.”

माझ्या हातातली घडी सुटली. इतके दिवस समजत होते, हिला तिथल्या लोकांची ओढ आहे. असेलही. पण ही निघाली आहे ती एक खोटं जिथे खरं होतं अशा जागी. तिथेही आडवी मुलं असतील. तिथे ही त्यांना हात लावेल, आणि हिच्या हाताला आठवेल. तेव्हा ही काय करेल? एकटी, मागे खरंच कोणी नाही, आणि जे सुखदेवला सांगितलेलं नाही ते पोटात.

पाटणकरांनी तेच केलं आहे. त्यांचीही ती ट्रकची गोष्ट कुणाला तरी वेळेवर सांगायची राहिली, तिचा नियम झाला. मालूची गोष्ट उद्या कशाचा नियम होईल?

८ एप्रिल

उद्या संध्याकाळच्या मेलनं मुंबई. तिथून आगबोट.

शेजारच्या बायका ओटी भरून गेल्या. “भाग्याची गं तू,” म्हणाल्या. मालू पाया पडली सगळ्यांच्या. हसली सुद्धा.

ती आता मोरीत आहे. पाण्याचा आवाज येतो आहे.

मी ठरवलं आहे. जाऊ नको म्हणणार नाही. ते म्हणायचा हक्क मला आहे असं वाटत नाही, आणि तिचा हात कुणाच्या तरी उपयोगी पडेल हे पाटणकरांचं म्हणणं खोटं नाही. दवाखान्याचं काय होईल, मला माहीत नाही. सुखदेव ऐकून काय करेल, मला माहीत नाही. कदाचित लुगडं परत मागेल. कदाचित हात उचलेल. सांगून त्याला काय मिळणार, असं ती विचारेल, आणि मला एवढंच म्हणता येईल की त्याची मुलगी अजून मोटरीची वाट बघते आहे, तिला कधी तरी कुणी तरी खरं सांगावं लागेल.

ती नाही म्हणेल. सामान बांधलं आहे म्हणेल, उशीर होईल म्हणेल. तिचा आवाज मला आत्ताच ऐकू येतो आहे. तरी सकाळी चहा देताना विचारणार. शब्द विसरू नयेत म्हणून इथे लिहून ठेवते.

मालू, पारशिवनीची पहिली बस सकाळीच आहे. दुपारपर्यंत परत येऊ, मेल चुकणार नाही. ट्रंकेतून लुगडं काढ. सुखदेवच्या दारात जाऊ. तू सांग, मी काही बोलणार नाही, तुझ्या मागे उभी राहते. येशील?