शाबासकीची किळस

ती. आईस, इथूनच पाया पडते.

जेवणखाण ठीक आहे, काळजी करू नकोस. शाळेतली शिक्षिकेची नोकरी सोडून एका कंपनीत सायबर सुरक्षेच्या कामाला लागले. कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण भाषा चांगली म्हणून घेतलं. काम काय, तर कंपनीतल्या आपल्याच माणसांना परीक्षा म्हणून खोटे ईमेल पाठवायचे आणि कोण फसतं ते पाहायचं.

परवा मी लिहिलं, "तुमच्या आईला दवाखान्यात नेलंय, इथे दाबा." रिसेप्शनवरच्या काकूंनी लगेच दाबलं. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. थू असल्या शाबासकीवर!

काकूंनी एवढंच विचारलं, "म्हणजे आई बरी आहे ना?"

माझीच मला शिसारी आली गं.

तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या हातानं लिहून कळव. ईमेलवर माझा विश्वास उरला नाही.

तुझी धाकटी