धावपट्टीवर आडवी गाडी

बाल्देसेर्ना, १८ ऑगस्ट १९८३

ती. निकानोरमामांस कासिल्दाचा सा. न. वि. वि.

आईचं पत्र माझ्या आधी पोचलं असेल आणि त्यात मी सान रोकेच्या जत्रेत तमाशा केला असं लिहिलं असेल. केला. पण काय झालं ते माझ्याकडूनही ऐका.

मिरवणुकीवर विमानातून फुलं टाकायची होती. आमच्या फ्लाइंग क्लबाचे अध्यक्ष एवेलिओ यांनी ठरवलं की यंदा विमान मी चालवायचं. मे महिन्यात परवाना मिळाला तेव्हा हेच एवेलिओ म्हणाले होते की गाईचं बाळंतपण करणाऱ्या गुरांच्या डॉक्टरणीने जमिनीवरच राहावं. आता वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार म्हटल्यावर मी क्लबाची शान झाले. शेजारी नगराध्यक्ष, मागे फोटोवाला आणि स्वतः एवेलिओ, टाकी काठोकाठ, वेळ दुपारी चारची.

तुम्ही मला इंजिनाआधी थर्मामीटर बघायला शिकवलंत, तो मी बघितला. सदतीस अंश. आमचं मैदान मुळात हजार मीटरवर. त्या उन्हात हवा इतकी विरळ होते की विमानाच्या लेखी मैदान एकवीसशे मीटरवर जातं. पंखांखाली हवा कमी, इंजिनाच्या पोटात कमी, पुढच्या पंख्यालाही कमी. पुस्तकातल्या तक्त्यावरून हिशेब केला. एवढ्या वजनाने चाकं उचलायलाच सातशे तीस मीटर हवे होते. आमची धावपट्टी सातशेची, आणि तिच्यापुढे पॉप्लरची झाडं.

मी म्हटलं, एकालाच घेते, तेही अर्ध्या टाकीवर. नाहीतर सगळे उद्या सकाळी सातला या, दोन खेपा करते. एवेलिओ सगळ्यांदेखत हसले. म्हणाले, पोरीला घाम फुटला, आणि विमान काय वजनकाट्यावर उडतं का. मग माझ्या हातातली किल्ली घेऊन म्हणाले की मीच नेतो, मागे माझ्या जागी खजिनदार बसतील, तू खाली उभी राहून टाळ्या वाजव.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझी व्हॅन काढली, धावपट्टीच्या मधोमध आडवी लावली आणि टपावर चढून बसले. एवेलिओ ओरडून ओरडून दमले. नगराध्यक्षांनी खाली उतरायची विनंती केली. मी म्हटलं, ऊन उतरलं की उतरते. फुलं टोपल्यांतच सुकली.

आता पुढच्या आठवड्यात शनिवारी, २७ तारखेला, क्लबाची बैठक आहे. मला काढून टाकायचं ठरल्यातच जमा आहे. खरं सांगू, माझी अडचण वेगळीच आहे. विमान उडालं नाही, म्हणून पडलं नाही, म्हणून माझं म्हणणं खरं होतं याला पुरावा नाही. माफी मात्र मागणार नाही.

रागावला असलात तरी लोभ कमी करू नका.

तुमची
कासिल्दा

*

लुआर्का, २३ ऑगस्ट १९८३

चि. कासिल्दास निकानोरमामाचे अ. उ. आ.

तुझ्या आईच्या पत्रात तू गाडीवर उभी राहून नाचलीस असं आहे. बसली होतीस हे वाचून जरा निराशा झाली. इथे समुद्राकाठी हवा दाट, माणसं मंद. वाचून दोन दिवस करमणूक झाली.

आता करमणुकीचं पुरे. थर्मामीटरपायी मी तुला इतका छळायचो, त्याचं कारण तू कधी विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही.

एकावन्न साली पालेन्सियाजवळच्या मैदानावर माझा मित्र गास्पार गेला, हे तुला ठाऊक आहे. इंजिन बंद पडलं असं घरात सगळे सांगतात. इंजिन शेवटपर्यंत चालत होतं. जुलैची दुपार होती. टाकी मी भरली होती, सामानाच्या दोन पेट्या मी कोंबल्या होत्या, आणि गास्पार बाहेर येऊन वजनाने दबलेली चाकं बघत उभा राहिला तेव्हा म्हातारा झालास का, असं मीच त्याला म्हणालो. तो विमानात चढला. चाकं जमिनीवरून सुटली, विमान माणसाच्या उंचीवर तरंगत राहिलं आणि वर चढेचना. पुढे कालव्याचा बांध होता.

चौकशीत मी सांगितलं की इंजिनाचा आवाज फाटका येत होता. त्यावर आमच्या मेकॅनिकचा, इसिदोरोचा, परवाना गेला. तो आजही पालेन्सियात सायकली दुरुस्त करतो.

हे पत्र बैठकीत वाचून दाखव. पुरावा नाही म्हणतेस, तर हा घे. माझ्या नावाची काळजी करू नकोस.

उत्तर लवकर पाठव, आणि आता मामाला जेवढी माया देता येईल तेवढीच दे.

तुझा
निकानोरमामा

*

बाल्देसेर्ना, ३० ऑगस्ट १९८३

ती. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी बैठकीत वाचलं नाही. ते क्लबाला लिहिलेलं नव्हतं, आणि मला लिहिलेलं असलं तरी ते माझ्या मालकीचं नाही. ते कोणापुढे वाचायला हवं हे तुम्हाला कळतं. मी अधिक लिहीत नाही.

बैठकीत मी एवढंच म्हटलं की काढायचं तर काढा, पण आधी एक दिवस द्या. आमचा मेकॅनिक तोरिबिओ चुन्याची पिशवी घेऊन तयारच होता. रविवारी सकाळी सातला, बारा अंशांत, तो आणि मी अर्ध्या टाकीवर उडालो. चाकं सुटली तिथे नगराध्यक्षांनी स्वतः चुन्याची रेघ मारली. तीनशे दहा मीटर. दुपारी चारला टाकी पुन्हा तेवढीच भरली, माणसं तीच, वारा सकाळीही नव्हता आणि दुपारीही नव्हता. ऊन तेहतीस. दुसरी रेघ पडली चारशेवर.

निम्मा गाव कुंपणाशी होता. एवेलिओ म्हणाले की मी मुद्दाम उशिरा उचललं. मी त्यांना म्हटलं, मग आता तुम्ही चालवा, तोरिबिओ शेजारी बसेल. चालवलं त्यांनी. त्यांची रेघ चारशे वीसवर पडली. मग तोरिबिओने फळ्यावर आणखी दोन माणसांचं आणि भरल्या टाकीचं वजन मांडलं. आकडा धावपट्टीबाहेर गेला. नगराध्यक्ष पॉप्लरपर्यंत चालत जाऊन आले, टोपी काढून घाम पुसला, आणि एवेलिओंना म्हणाले की मला चौघांत बसवणार होतास ना.

काढलं नाही मला. धावपट्टीवर गाडी आणल्याबद्दल तीन महिने उड्डाणबंदी आहे. ती मी मुकाट्याने घेतली, कारण गाडी मी आणली होती. माफीच्या कागदावर मात्र सही केली नाही. एवेलिओंनी तो दोनदा पुढे सरकवला, मी दोनदा परत केला.

तुमच्यावरची माया मोजून देणं मला जमत नाही.

तुमची
कासिल्दा

*

पालेन्सिया, १० सप्टेंबर १९८३

चि. कासिल्दास अ. उ. आ.

हे पत्र इसिदोरोच्या दुकानासमोरच्या बाकावर बसून लिहितो आहे.

त्याने मला ओळखलं. बस म्हणाला नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, तोवर तो एका चाकाच्या तारा ताणत होता. संपल्यावर हात पुसले आणि म्हणाला, तोंडी नको, लिहून दे. बिलांच्या वहीतला कागद फाडून दिला. मी टाकी लिहिली, पेट्या लिहिल्या, गास्पारला काय म्हणालो ते लिहिलं, इंजिन चांगलं होतं आणि मी चौकशीत खोटं बोललो तेही लिहिलं. खाली सही केली.

त्याने चष्मा लावून सावकाश वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, हे चुकलंय. मी त्या दुपारचं तापमान चौतीस लिहिलं होतं. तो म्हणाला, अडतीस. हँगरच्या भिंतीवर बघितलं होतं, चौकशीत सांगितलंही होतं, कोणी लिहून घेतलं नाही.

मी चौतीस खोडून अडतीस लिहिलं. शेजारी पुन्हा सही केली. त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि चाक उचललं.

तुझा
निकानोरमामा