पाटीवरची पेन्सिल

प्रिय आईस, थोरलीचा नमस्कार.

मी बरी आहे, आधी एवढं वाच. सोमवारी शिवणयंत्रावरून उठताना चक्कर आली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सात निघालं. बारा तरी हवं.

त्यांनी विचारलं, "खडू, माती खावीशी वाटते?"

मी हादरलेच. म्हटलं, "पाटीवरची पेन्सिल खाते. आईच्या मांडीवर अक्षरं गिरवताना ती आणि मी दोघी खायचो."

"रक्त कमी असलं की असं होतं. धापही लागते. आईला तपासलंय कधी?"

आई, तू जिन्यात मध्येच बसायचीस आणि आम्ही तुला 'महाराणी' म्हणून हसायचो!

मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. तू उद्याच धाकटीबरोबर रक्त तपासायला जा. 'मला काय धाड भरलीय' म्हणू नकोस. आकडा खरा कळव, वाढवून नको. मीही वर सातच्या जागी आधी नऊ लिहून खोडलं होतं.

तुझीच,
थोरली