उन्हात घातलेल्या सहा काळ्या बश्या

गेल्या गुरुवारी सकाळी मी वर्षभराचं कुसकुस करत होते. रव्यावर पाणी शिंपून तो तळव्यांनी दाणे होईतो वळला, चाळला, वाफवला आणि गच्चीवर चादरींवर पसरला. (पूर्वी चादरीचं दुसरं टोक तुमचा भाऊ धरायचा. तो गेल्याला तीन वर्षं झाली, मी आता चार दगड ठेवते.) पण पाहा, सलाम राहिलाच. मोंजिया वन्सं, तुम्हाला मनापासून सलाम. गुडघे कसे आहेत? तोझरला खजुराला रंग चढला का? इकडे सफाक्समध्ये आम्ही दोघी ठीक आहोत, असं लिहायचं असतं म्हणून लिहिते. खरं तर तुमची लेक सिरीन ठीक नाही, आणि त्याचं कारण मी आहे.

तिचं संशोधन तुम्हाला तिने सांगितलंच असेल, पण मला समजलं तसं मी सांगते. (अक्षरं मी चाळिशीत, तुमच्या भावाच्या, तिजानीच्या, जुन्या वर्तमानपत्रांवर शिकले, तेव्हा चूक पोटात घाला.) कोळशाच्याच जातीच्या पोकळ नळ्या असतात, इतक्या बारीक की एका केसाच्या जाडीत हजारो मावतील. त्या प्लास्टिकसारख्या एका चिकट पदार्थात मिसळायच्या, की त्याचा पातळ पापुद्रा मजबूत होतो आणि त्यातून वीजही जाते. पण नळ्यांना एकमेकींना मिठी मारून बसायची खोड. "मामी, तुझ्या कुसकुससारखंच आहे, गुठळी झाली की संपलं," असं ती म्हणाली, आणि तिथेच मला वाटू लागलं की या विषयातलं मलाही कळतं.

ऑगस्टात विद्यापीठातली प्रयोगशाळा बंद, म्हणून तिने ते काळं पाण्यातलं मिश्रण सहा काचेच्या बश्यांत ओतून आमच्या गच्चीवरच्या खोलीत ठेवलं. वर टाचणीने भोकं पाडलेला चंदेरी कागद. तीन दिवस सावलीत, हळूहळू वाळू द्यायचं. एवढं करून ती मैत्रिणीच्या लग्नाला महदियाला गेली. आता तुम्हीच सांगा, बाहेर असं रणरणतं ऊन आणि पोरीचं काम अंधाऱ्या खोलीत झाकून पडलेलं. मी कागद काढले आणि सहाही बश्या कुसकुसशेजारी मांडल्या.

पलीकडच्या गच्चीवरून लतीफा म्हणाली, "काय गं बेया, टोमॅटो जाळलेस का?"

"भाचीचं संशोधन आहे."

"संशोधन उन्हात घालतात?"

"मग काय कपाटात वाळतं?"

दुपारी पाहिलं तर वर साय धरलेली, खाली फोड आलेले, आणि दोन बश्यांत माझे दाणे रुतलेले. दाणे मी सुईने टिपले, बश्या पुन्हा खोलीत ठेवल्या, वर कागद लावले. चोर इतकं नीट आवरत नाही.

शुक्रवारी सिरीन आली. पापुद्रे पाहून खाली जमिनीवरच बसली. "नळ्या मोकळ्या झाल्याच नाहीत, मामी. माझं मिश्रणच चुकलं. सहा महिने चुकीचं करत होते मी." मी म्हटलं, आधी जेवून घे. वन्सं, मी एवढंच म्हटलं. ती जेवली नाही. मिश्रण बरोबर आहे हे साऱ्या जगात फक्त मला ठाऊक, आणि सोमवारी ती प्राध्यापकांना सांगणार की ही पद्धत सोडते. मी दोन दिवस तिच्यासमोर वांगी चिरतेय. तिजानी असता तर पाव तासात बोलून मोकळा झाला असता, आणि वर मलाच हसला असता.

बाकी सर्व क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमची भावजय,
बेया

ता.क. पत्राचं खरं कारण असं : हे तुम्ही तिला सांगाल का? आईच्या तोंडून कमी लागेल. गच्चीवर वारा फार होता असंही म्हणता येईल.

ता.क. दुसरा. वरचं विसरा. वारा नव्हता. लिहून झाल्यावर वाचून पाहिलं, तेव्हा कळलं की हे पत्र तुम्हाला मिळेपर्यंत सोमवार उलटून गेलेला असेल, आणि हे मला लिहायला बसतानाही ठाऊक होतं. आज सोमवार, म्हणजे पत्र लिहिल्याचा दुसरा दिवस. सकाळी मी सिरीनबरोबर बसने विद्यापीठात गेले, आणि प्राध्यापकांच्या खोलीत, तिने तोंड उघडण्याआधी, दोघांना सांगितलं की कागद मी काढले होते.